उन्हाळ्यात आटणारा समुद्र

तिनं बाटली हुंगली. सगळं तिथूनच सुरू झालं बघा, नाहीतर त्या सकाळी बिघडण्यासारखं काही नव्हतंच. मे महिना, लातूरची एमआयडीसी, पत्र्याखाली कूलर लावलेले, कूलरमध्ये टँकरचं पाणी, आणि डेन्मार्कहून जॅकेटांच्या ऑर्डरसाठी आलेली इंगा नावाची ती बाई, पंचावन्न-साठची, पांढरे केस बारीक कापलेले, आमच्या युनिटमधून फिरत होती. मी तिच्या मागं मागं इंग्रजीतून सांगत होते, की ह्या समुद्रातून काढलेल्या बाटल्या, इथं त्यांची झाकणं अन् लेबलं निघतात, इथं गरम पाण्यात धुतात, इथं मशीनमध्ये चुरा होतो, चुऱ्याचा सुरतला धागा होतो, धाग्याचं कापड परत इथंच येतं आणि त्याची जॅकेटं शिवून तुमच्याकडं जातात. लई भारी बोलत होते मी. माझं मलाच ऐकू येत होतं. आणि बोलता बोलता ती वाकली, पोत्यात हात घातला, एक चेपलेली बाटली काढली आणि नाकाला लावली. आपण खरबूज हुंगून बघतो ना, तसं. डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि हळूच, अगदी गरीब आवाजात विचारलं, की हिला समुद्राचा वास का येत नाही.

आता समुद्राचा वास कसा असतो हे मला काय माहीत. मी समुद्र बघितलेलाच नाही. युनिटमध्ये त्रेचाळीस माणसं, त्यातलं समुद्र बघितलेलं एकच, ते म्हणजे आमचे मालक रविकिरण सर, ते पण गोव्याला, मित्रांबरोबर, आणि त्यांना त्यातलं किती आठवतं देव जाणे. पण सर हुशार. त्यांच्या घरची तीन पिढ्यांची डाळमिल, त्यांचे वडील भीमाशंकरअप्पा तुरीच्या एका दाण्यावरून शेत सांगायचे म्हणतात, आणि सरांना डाळीत काय राम वाटंना म्हणून त्यांनी हे प्लास्टिकचं कापड काढलं. सर लगेच म्हणाले, मॅडम, बाटल्या किनाऱ्यावर एकदा धुऊन येतात. ती हसली. तिला पटलं नाही हे तिच्या मानेवरून कळलं. म्हणाली, मला ह्या बाटल्या वेचणाऱ्या बाईला भेटायचंय. मी परवापर्यंत लातुरात आहे. सर म्हणाले, का नाही, परवा बोलवून घेऊ. मग माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं. ही ऑर्डर पास झाली की मी परमनंट, आणि सप्टेंबरमध्ये कोपनहेगनला स्टॉल लागणार त्याला सरांबरोबर मी, कारण न अडकता इंग्रजी बोलणारी युनिटमध्ये मी एकटी. पासपोर्टला अर्ज पण केला होता मी.

बाटल्या कुठून येतात ते तुम्हाला काय सांगायचं. नांदेडहून येतात. नदीकाठावरून, स्टँडमागून, मंगल कार्यालयाच्या उकिरड्यावरून. ट्रकवर चढताना त्या नांदेडच्या असतात आणि अहमदपूर ओलांडून चाकूरला येईपर्यंत कागदावर समुद्राच्या होतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला तर त्याच्याही आधीपासून माहीत होतं, कारण त्या पोत्यांची गाठ मी ओळखते. सुतळीचे दोन वेढे आणि मधून एक फास, डावीकडं ओढला की सुटतो. ती गाठ नांदेडात एकच बाई मारते. सरजाबाई. माझी आई. आणि ऑफिसात मी सांगितलेलं की माझी आई झेडपीच्या शाळेत बाई आहे, मुखेडकडं. पहिल्या दिवशी डिझाइनवाल्या मंजुषानं डबा उघडता उघडता विचारलं, आणि माझ्या तोंडातून ते असं सहज निघालं, जसं काही आधीपासून तिथं जिभेखाली ठेवलेलंच होतं. मग आईच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली, तिची बदली कुठं झाली, हे सगळं मला सांगत राहावं लागलं. आता ती मुखेडच्या एका खेड्यात सहावीला गणित शिकवते. कधी कधी मला ती बाई स्पष्ट दिसते, चष्मा, खडू, ताठ कॉटनची साडी, आणि मला ती आवडते पण.

त्या दुपारी आम्ही समुद्र तयार केला. हसू नका, खरंच. बाटल्या धुवायच्या हौदात टँकर रिकामा केला, सहा पोती जाडं मीठ ओतलं, मांजरा नदीतली वाळू टाकली, बाटल्या बुडवल्या. तरी वास येईना. मीठ टाकलेल्या पाण्याला मिठाचाच वास येतो, त्याचा समुद्र होत नाही. मग सर म्हणाले, मासळी पाहिजे. गंजगोलाईच्या बाजारामागून चार किलो सुकट आणि बोंबील आणले, पाण्यात सोडले, आणि दहा मिनिटांत युनिटभर तो वास असा चढला की शिलाईवाल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सरांनी गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत सरकवलं आणि लांब जाऊन उभे राहिले. तिथून म्हणाले, समीक्षा, तू जरा हलव ना ते, तुमच्यात चालतं न्हवं. वाईट मनानं नाही म्हणाले. पंखा लाव म्हणावं तसं म्हणाले. मी पण हसले आणि बाह्या वर करून हात घातला. तो वास थेट माझ्या डोक्यात गेला. तव्यावर सुकट, वर कांदा, आईच्या बोटांना तिखट, आणि बाहेर पोत्यांचा ढीग, आणि मी त्या ढिगावर पाठ टेकून नऊचा पाढा म्हणतेय. होस्टेलला आल्यावर मी सुकट सोडलं. पहिल्या महिन्यातच सोडलं, कुणी काही म्हणलं नव्हतं तरी. आणि आता कोपरापर्यंत हात त्यात घालून मी ढवळत होते आणि तोंडाला पाणी सुटत होतं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी थुंकले, हौदातच.

राहिली वेचणारी बाई. सर म्हणाले, कुणी पण आण, तोंड बंद ठेवणारी पाहिजे. नांदेडात आईबरोबर वेचणाऱ्या साखराबाई, नीलाबाई, त्यातली कुणी पण आली असती, पण आल्या आल्या सगळ्यांपुढं म्हणाली असती, अगं तू सरजाची समी ना गं, केवढी झालीस. जगात तोंड बंद ठेवील अशी एकच बाई होती. मला हे कळायला दोन मिनिटं पण लागली नाहीत, हे मला अजून खातं. म्हणजे मी आधी घाबरले, मग टाळलं, मग नाइलाज झाला, असं काही झालं असतं तर बरं झालं असतं. तसं नाही झालं. एकदम सुचलं, आणि लई चांगलं सुचलं असं वाटलं.

नांदेडला गेले दुसऱ्या दिवशी. आई नदीकाठी होती. उन्हाळ्यात आमच्याकडं गोदावरी कशी होते माहितीये ना, मधे मधे डबकी, बाकी सगळा दगडगोट्यांचा माळ, आणि त्या माळावर ऊन लागून बाटल्या चमकतात. लांबून वाटतं पाणीच आहे. आई त्या चमकण्यात वाकलेली. पाचवीत असताना शाळेची सहल ह्याच घाटावर आली होती. पायऱ्यांवर आम्ही ओळीनं बसून लाडू खात होतो, खालून आई पोतं ओढत आली आणि मला बघून तिचं तोंड असं फुललं, आणि मी शेजारच्या पोरीला म्हणलं, काय माहीत कोण आहे, वेडी असंल. आईनं ऐकलं का नाही ते मला कधीच कळलं नाही. त्या रात्री तिनं मला वरण जरा जास्त वाढलं, एवढं आठवतं. त्यातून काय समजायचं ते मी अजून ठरवून राहिले.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं पोतं खाली ठेवून ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. कोळीण व्हायचं, समुद्रावरून आले म्हणायचं, तिथं होड्या असतात म्हणायचं, जाळ्यात मासे कमी अन् बाटल्या जास्त येतात म्हणायचं. आणि माझी ओळख द्यायची नाही.

"मंग मी तुला काय म्हणू?"

"ताई म्हण. सगळे म्हणतात."

"आन तू मला?"

"मावशी."

तिनं ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, चालतंय. पोत्याला गाठ मारली, दोन वेढे आणि फास, आणि म्हणाली, तुझं काम व्हईल न्हवं पण यानं. मी म्हणलं, हाव, परमनंट होते मी, परदेशात जाते. येताना बसमध्ये मी तिला शिकवत होते, बाईच्या काळजाला लागलं पाहिजे बघ, नुसतं हाव-न्हाई करू नको, काहीतरी असं सांग की तिला रडू आलं पाहिजे. आई खिडकीतून बघत होती. लोह्याच्या स्टँडवर तिनं शेंगदाणे घेतले, सोलून सोलून माझ्या हातावर ठेवत राहिली, आणि लातूर जवळ आलं तशी आपोआप थांबली. उरलेले कमरेच्या पिशवीत ठेवले.

कोळिणीचा ड्रेस मिळाला गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं देणाऱ्या दुकानात. कोळी नाच असतो ना प्रत्येक शाळेत, त्याचा. पण दुकानदाराकडं मोठ्यातला मोठा आठवीच्या पोरीच्या मापाचा. हिरवी झगझगीत साडी, शिवलेलीच, मागं चेन, प्लास्टिकचा गजरा, सोनेरी माळा, कमरेला टोपली. स्टोअररूममध्ये मी आईला तो चढवला. चेन लागेना तर मागून सेफ्टी पिना लावल्या. गुडघ्याखाली पाय उघडे. त्या पायांवर काचांच्या खुणा, पांढऱ्या पांढऱ्या, इतकी वर्षं तिच्या नऊवारीच्या आत होत्या, मला पण नीट दिसल्या नव्हत्या. बावन्न वर्षांची बाई, आणि गजरा. मंजुषा दारातून डोकावून म्हणाली, अय्या, मावशी, गोड दिसताय, एक फोटो. आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, काढू द्या ना मावशी. तोंडात तो शब्द जरा अडकंल वाटलं होतं. नाही अडकला.

इंगा आली तेव्हा आई हौदाच्या कडेला उभी. इंगानं हात जोडले, आईनं पण जोडले आणि सवयीनं म्हणाली, जय भीम. सरांची मान एकदम वळली. इंगानं मला विचारलं, काय म्हणाल्या त्या. आणि मी सांगितलं. मी सांगितलं, समुद्राला नमस्कार असो, असं कोळी लोक एकमेकांना म्हणतात. इंगा वाकली आणि तिच्या त्या गोऱ्या तोंडानं हळू हळू म्हणाली, जय भीम. आईचे डोळे असे चमकले, तिला वाटलं एवढ्या लांबच्या बाईला पण माहितीये. ती मला म्हणाली, बघा ताई. मी मान हलवली. मग इंगानं वही काढली. बाटली हुंगली परत, आणि यावेळी तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला, छातीवर हात ठेवला. सुकटाचं काम झालं. मग ती खाली फरशीवरच बसली आईसमोर आणि विचारलं, तुमचा समुद्र कसा आहे, मला सांगा.

मी आईला सगळं शिकवलं होतं. होडी, जाळं, मासे, कोळंबी, वादळ. फक्त भरती-ओहोटी राहिली, कारण ते मलाच कधी नीट कळलेलं नव्हतं, भूगोलात पाठ केलेलं तेवढंच. आणि आई मनापासून सांगायला लागली. जे माहीत होतं ते.

"पावसाळ्यात लई भरतो बाई. पूर येतो त्याला, पार पायऱ्या बुडतात, देवळात पाणी जातं. आन उन्हाळ्यात आटतो. चैत-वैशाखात तर आमी मधोमध चालत जातो की, पायाला पाणी लागत न्हाई. पल्याडच्या गावाला माझी बहीण हाय."

हौदाचं पाणी तेवढं डुचमळून राहिलं होतं. सरांनी डोळे मिटले. त्यांनी गोवा बघितला होता, त्यांना माहीत होतं की समुद्र आटत नाही, त्याच्या पल्याड बहीण राहत नाही. आणि तेवढ्यात माझं इंग्रजी वर आलं, कुठून आलं काय माहीत, मी म्हणलं, त्या म्हणतात, पूर्वी समुद्र भरलेला असायचा. आता तो दर वर्षी मागं मागं जातोय. जिथं त्यांच्या आजीची होडी तरंगायची तिथं आता त्या पायी चालतात. इंगाचा पेन थांबला. मग तिनं ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. सरांनी डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलं, की कोपनहेगनचं तिकीट माझ्या हातात आल्यासारखंच वाटलं. मला कसं वाटलं सांगू का, उंचावरून उडी मारून पायावर उभं राहिल्यासारखं. मजा आली मला. खोटं कशाला बोलू.

आणि मग तिनं पुढचं विचारलं. मुलं आहेत का तुम्हाला. मी मराठीत विचारलं, मावशी, लेकरं आहेत का तुम्हाला म्हणतात मॅडम. मी आधीच सांगून ठेवलं होतं तिला, ह्याला नाही म्हण, लेकरूबाळ नाही म्हण, सोपं पडतं. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. हौदाकडं बघितलं. पाण्यावर बाटल्या तरंगून राहिल्या होत्या, उलट्या सुलट्या.

"एक पोरगी व्हती," ती म्हणाली. "वाहून गेली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कूलरचा आवाज होता. मी म्हणलं, काय. आई म्हणाली, सांगा त्यांना ताई. पाण्याला भेत नव्हती, म्हणून लांब गेली. लई हुशार व्हती. आणि सगळे माझ्याकडं बघत होते, कारण इंग्रजी माझ्याकडं होतं. दोन भाषांच्या मधे एक जागा असते बघा, तिथं मी एकटीच उभी होते, आणि तिथं मी मेलेली होते, आणि ते मलाच सांगायचं होतं. मी सांगितलं. आणि ऐका, मी ते सुधारून सांगितलं. वाहून गेली म्हणलं तर इंग्रजीत साधं वाटलं असतं. मी म्हणलं, त्यांना एक मुलगी होती, समुद्रानं ती परत दिली नाही. बोलून झाल्यावर माझंच वाक्य मला आवडलं. इंगा रडली. उठून आईला मिठी मारली, आणि मागच्या सेफ्टी पिना तिच्या हाताला टोचल्या असणार, पण तिनं सोडलं नाही. आई तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती. तोंडावर काही नव्हतं. काम कसं झालं असं विचारून राहिल्यासारखं होतं, किंवा मीच तसं समजून घेतलं.

स्टँडवर सोडायला गेले. ड्रेस परत करायचा म्हणून पिशवीत माझ्याकडं, आणि आई तिच्या स्वतःच्या नऊवारीत, केसांत गजऱ्याच्या प्लास्टिकच्या पाकळीचा एक तुकडा राहिलेला, मी काढला नाही. मी म्हणलं, तू असं का सांगितलंस. ती म्हणाली, कसं.

"पोरगी गेली म्हणून."

"तूच म्हणली न्हाई का, बाईला रडू आलं पायजे. आलं न्हवं?"

मग नांदेडची गाडी लागली. तेवढ्यात सरांची गाडी पण समोरून चालली होती, इंगाला हॉटेलवर सोडायला, काच खाली करून ती हात हलवत होती. आई पायरीवर चढली. मी मोठ्यानं म्हणलं, जपून जा मावशी. आईनं आत जाऊन खिडकीत बसून शेंगदाण्याची पिशवी उघडली.

तुम्हाला वाटंल इथं संपलं. मला पण वाटलं. मी परमनंट झाले, पत्र मिळालं, मंजुषानं पेढे वाटले. आठ दिवसांनी इंगाचा मेल आला, की ती त्या दिवसापासून झोपली नाही, आणि ह्या वर्षीची सगळी जॅकेटं त्या मुलीच्या आठवणीत निघणार, आणि प्रत्येकाच्या टॅगवर तिचा फोटो पाहिजे. सर म्हणाले, समीक्षा, जा बाबा नांदेडला, त्या म्हातारीकडून फोटो आण पोरीचा. काहीतरी असंलच. नसला तर बघू, कुणाचा पण चालंल, पण खरा असला तर बरं.

गेले. आई घरी होती, चूल पेटवत होती. मी उंबऱ्यात उभी राहून सांगितलं, फोटो पाहिजे. तिनं काही विचारलं नाही, कुणाचा म्हणून पण नाही. पेटी ओढली, वरचं लुगडं काढलं, खालून पिशवी, पिशवीतून वही, वहीतून फोटो. दुसरीतला. झेडपीच्या शाळेचा निळा फ्रॉक, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंड उघडून असं हसून राहिले मी की सगळं जग माझंच आहे. पदरानं पुसला. मी म्हणलं, हा नको, लई जुना आहे, एखादा मोठेपणीचा नाही का. खरं तर मला मोठेपणीचा नको होता, भीती वाटत होती, पण तोंडातून तेच आलं.

"मोठेपणीचा माझ्याकडं न्हाई," आई म्हणाली. "तू दिलाच न्हाई कधी."

मग म्हणाली, जेवून जातीस का. मी म्हणलं, गाडी आहे साडेबाराची. फोटो पर्समध्ये ठेवला आणि निघाले. कोपऱ्यावर नीलाबाई भेटली, कशी आहेस गं समे, आईला भेटून चाललीस का म्हणाली. मी म्हणलं, हाव.

ऑफिसात सरांनी तो फोटो स्कॅन करून मोठ्या स्क्रीनवर लावला. मी स्क्रीनच्या शेजारीच उभी राहिले. मुद्दाम राहिले, हे मी आज सांगते. माझं तोंड आणि ते तोंड, मधे हातभर अंतर. सर बघत होते, मंजुषा बघत होती, शिलाईच्या दोघी बघत होत्या. मला वाटलं आता मंजुषा म्हणणार, अगं ही तर. इतके महिने ज्या क्षणाला मी भेत होते तो क्षण माझ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि मी काय केलं माहितीये, मी हसले. दात दाखवून, फोटोतल्यासारखी. एक-दोन-तीन सेकंद तशीच राहिले. मंजुषा म्हणाली, बिचारी, डोळे बघा ना कसे आहेत, असं वाटतं तिला माहीतच होतं. सर म्हणाले, बॅकग्राउंड काढून टाक, शाळेची भिंत कशाला, मागं निळं पाणी दे. आणि मला म्हणाले, तू का हसून राहिलीस.

जूनमध्ये जागतिक समुद्र दिन असतो, आठ तारखेला. युनिटमध्ये कार्यक्रम ठेवला. त्या पोरीचा फोटो पाच फुटी, फ्रेम करून, मागं निळं पाणी. सरांचे वडील भीमाशंकरअप्पा अध्यक्ष, शाल-श्रीफळ, आणि प्रमुख पाहुण्या म्हणून आईला आणलेली, गाडी पाठवून. सूत्रसंचालन माझ्याकडं. माइक धरून मी म्हणलं, आता आपण ह्या चिमुकल्या जिवासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या. सगळे उभे राहिले. कूलर बंद केले. मशीन बंद. त्रेचाळीस माणसं माना खाली घालून माझ्यासाठी उभी, आणि मी त्यांच्यात, मान खाली घालून, घड्याळाकडं बघत, कारण दोन मिनिटं झाली हे मलाच सांगायचं होतं. एका मिनिटानंतर माझ्या गळ्यात काहीतरी आलं. मला वाटलं रडू असंल. खोकला होता.

मग अप्पांनी आईला शाल दिली. आमच्याच कापडाची होती, बाटल्यांच्या. आईनं ती अंगाखांद्यावर घेतली, बोटांनी चोळून बघितली, आणि फोटोला हार घातला. हार नीट बसेना, फोटोचे डोळे झाकले जात होते, तर तिनं दोन्ही हातांनी तो वर सारला, कपाळावरची धूळ पुसावी तशी काच पुसली. मला वाटलं आता वळंल, माझ्याकडं बघंल. सर म्हणाले, आजी, दोन शब्द बोला. हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. मी माइक हातात घट्ट धरला. सरांनी तो माझ्या हातातून घेऊन आईला दिला. तिनं तो उलटा धरला, मी जाऊन सरळ केला, तेव्हा तिची बोटं माझ्या बोटांना लागली, चिकट, उन्हानं तापलेली. आणि मला माहीत होतं, एवढ्या माणसांत, अप्पांपुढं, ती आता माझं नाव घेणार. घेतलं असतं तर मी काय केलं असतं, तेही ठरलेलं होतं माझं. मी म्हणणार होते, दुःखानं भ्रम होतो माणसाला.

आई माइकमध्ये म्हणाली, "लेकरू चांगलं व्हतं. मला सोडून एक घास खात नव्हतं."

थांबली. अजून काही बोलंल म्हणून सगळे थांबले. ती माइक टेबलावर ठेवून खुर्चीवर जाऊन बसली, शालीचं टोक मांडीवर घेऊन. युनिटमध्ये कुणाला काही समजेना, की अशा बोलण्याला टाळ्या वाजवायच्या असतात का नसतात, सगळे एकमेकांकडं बघून राहिलेले, अप्पासुद्धा.

सगळ्यात आधी टाळी मी वाजवली.